ओल्या गालिच्यावर पाऊल न टाकल्याबाबत

जबाब

नाव : गालिचेवाली आजी. सगळीकडे याच नावाने ओळख.
वय : सत्तरीच्या पुढे. नक्की किती असे विचारले असता, ज्यांना ठाऊक होते ते आता नाहीत, असे सांगते.
धंदा : नातीबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन गालिचे धुणे.
शिक्षण : नाही.
राहणार : नातीच्या घरी, पाण्याच्या टाकीमागे, गॅरेजवरची खोली.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्या धाकाने नव्हे तर विचारले म्हणून, सांगते की,

मी वरील ठिकाणी नातीसोबत राहते. नातीचा घरोघर जाऊन गालिचे धुण्याचा धंदा आहे. तिच्याकडे गाडी आहे, पाणी मारून ओढून घेणारे मशिन आहे, दोन ब्लोअर आहेत आणि मी आहे. मशिनला ती हात लावू देत नाही. माझ्याकडे दोन कामे. झालर ओली असताना हाताने विंचरणे, आणि गालिचा वाळेपर्यंत त्यावर कोणाचा पाय पडू न देणे. ओल्या लवेवर पाय पडला की लव तशीच बसते आणि मग गिऱ्हाईक म्हणते, तुम्हाला धुताच येत नाही. म्हणून मी काठाला खुर्ची टाकून बसते आणि घरातल्यांना बोलण्यात गुंतवते. पोरे असोत, कुत्री असोत की जावई असोत. आजवर माझ्या राखणीत गालिच्यावर पाय पडलेला नाही. आजही पडलेला नाही.

आज दुपारी ज्या घरी आम्ही काम करत होतो त्या घरचे म्हातारे गृहस्थ घरातून निघून गेले आहेत. ते अजून सापडलेले नाहीत. लिहिणाऱ्या ताईंनी त्यांना आधी 'सदर इसम' असे लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडले आहे. त्यांना मास्तर लिहावे. ते शिंपी आहेत, जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि त्यांना सगळे मास्तरच म्हणतात.

मास्तरांचे वर्णन असे. अंगाने काटकुळे, उंचीने माझ्याहून थोडे जास्त. अंगात राखाडी स्वेटर, त्याच्या कोपराला ठिगळ, पण ठिगळ कुठे आहे हे दाखवल्याशिवाय दिसत नाही. पायात घरात घालायच्या सपाता. बाहेरचे बूट घरीच आहेत. खिशात कापडावर खुणा करायचा खडू असतो. त्यांना कालचे आठवत नाही, मघाचेही नाही. फार वर्षांपूर्वी शिवलेल्या कोटाला किती बटणे होती ते मात्र सांगतात.

घर असे आहे. एका रांगेत, भिंतीला भिंत लागून, सगळी सारखी घरे. पुढे रस्ता, मागे अरुंद बोळ. रस्त्याच्या एका टोकाला कालवा. पुढचे दार उघडले की दोन खुर्च्या मावतील एवढी फरशी, तिथे पादत्राणे काढायची. मग मोठी खोली, आणि त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. खोलीच्या पलीकडे मास्तरांची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, माडीचा जिना आणि मागचे दार. म्हणजे पुढच्या बाजूने आत जायचे तर गालिच्यावरूनच जावे लागते. हे नीट लिहून घ्यावे.

मास्तरांचा मुलगा कामासाठी परगावी आहे. घरी सून असते, तिला मी सूनबाई म्हणते. सूनबाई माडीवर मीटिंगला बसणार होत्या. त्या मला म्हणाल्या, "आजी, बाबांकडे जरा बघाल? मला तासभर खाली येता येणार नाही. आणि प्लीज, आवाज तेवढा नको." मी म्हटले, "बघते की. राखणीला बसलेलीच आहे, एकाच्या जागी दोन." हे मी हसत म्हटले होते. पुढच्या दाराला वरच्या अंगाला एक कडी आहे. ती तिथे का बसवली आहे तेही सूनबाईंनी मला सांगितले. मास्तर दार उघडे मिळाले तर चालू लागतात.

(या वेळी बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. जबाब देणारी बोलायची थांबली. फोन दुसऱ्या कामाचा होता. पुढे चालू.)

आमच्या कामाची रीत अशी. आधी गालिचा दुमडून पाठीवर ठोकायचा, म्हणजे आत बसलेली माती खाली गळते. मग कोपऱ्यात ओला पांढरा फडका दाबून रंग सुटतो का बघायचे. मग आतल्या टोकाकडून धुवायला सुरुवात करायची आणि दाराकडे मागे मागे सरकत यायचे, फरशी पुसतात तसे. घरची माणसे आतल्या बाजूला राहतात. तिकडे त्यांचा चहा असतो, पलंग असतो, न्हाणीघर असते. आम्ही दाराशी राहतो, आमचे काही अडत नाही. आज मास्तर दाराच्या बाजूला होते. ते आपण होऊन आले नव्हते. गालिचा कोरडा होता तेव्हा मीच त्यांना हाक मारून माझ्या शेजारी खुर्चीवर बसवले. एकटी बसले की मला पेंग येते.

मास्तर घडीघडीला विचारत होते, "बाई, आपण कोण?" पहिल्यांदा मी सांगितले, गालिचेवाली. दुसऱ्यांदा सांगितले, तुमच्याकडे पोलके शिवायला टाकलेय ती, अजून मिळाले नाही. त्यावर ते फार ओशाळले आणि म्हणाले, "माप दिलं होतंत का?" मी म्हटले, "दिलं होतं, पण तेव्हाचं आता कशाला बसतंय!" तिसऱ्यांदा सांगितले, राणीची मावशी. त्यावर ते म्हणाले, "राणीची मावशी, आणि गुडघे टेकून झालर विंचरतेय? काय हो दिवस आले तुमच्यावर." नातीने मशिन बंद केले आणि हसली. हे सगळे कशाला सांगता असे विचारले असता सांगते की मास्तर तेव्हा खुशीत होते. भांडण नव्हते, कोणी टाकून बोलले नव्हते. मुलगा आला की त्याला हे वाचून दाखवावे.

दार उघडे कोणी ठेवले या प्रश्नाबाबत सांगते की, दार आम्ही उघडले. ब्लोअर कितीही लावा, वारा आरपार खेळल्याशिवाय गालिचा तळातून वाळत नाही आणि मग कुबट वास धरतो. नातीने त्याबद्दल आधीच विचारले होते, "ताई, वाळवताना पुढचं दार उघडं लागेल, चालेल ना?" सूनबाई तेव्हा कानाला फोन लावून जिना चढत होत्या. त्यांची मान हलली. ती नातीसाठी हलली की फोनसाठी, ते मला सांगता येणार नाही. सूनबाई म्हणतात, मला कोणी विचारलेच नाही. नात म्हणते, मी विचारले. दोघीही खरे बोलत आहेत, असे माझे म्हणणे आहे. वरची कडी नातीने काढली. ती कडी कशासाठी आहे हे तिला माहीत नव्हते. मला माहीत होते. तेव्हा जे काय लिहायचे ते माझ्या नावावर लिहावे.

धुऊन झाल्यावर एक ब्लोअर लावून नात घाण पाण्याची टाकी रिकामी करायला आणि दुसरा ब्लोअर आणायला गाडीकडे गेली. पुढे जागा नसल्याने गाडी कालव्याच्या टोकाला लावली होती. मी दाराकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून, झालर विंचरत होते. मास्तर खुर्चीवर होते. ते आत जायचे आहे असे म्हणाले. मी गालिचा ओला असल्याचे सांगितले. पुढे मी मान वळवून बघितले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मला वाटले, पायरीवर उन्हाला बसले असतील. झालरीचे थोडे राहिले होते, तेवढे पुरे केले.

ते थोडे म्हणजे किती, असे विचारले असता जबाब देणारी पदराचा काठ बोटांनी विंचरू लागते.

मी पायरीवर गेले तर पायरी रिकामी. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितले. समोरच्या घरापाशी एक बाई झाडांना पाणी घालत होती, तिने कोणाला बघितले नव्हते. नात दुसरा ब्लोअर उचलून येत होती. मी विचारले, "मास्तर दिसले का गं?" ती म्हणाली, "आज्जे, थट्टा नको, हात भरलेत माझे." मी म्हटले, थट्टा नाही. तिने ब्लोअर रस्त्यातच ठेवला. वाटेत तिला कोणी दिसले नव्हते. पण टाकी ओतताना ती गाडीत अर्धी आत वाकलेली असते, मागून हत्ती गेला तरी तिला कळणार नाही.

मी दारातून सूनबाईंना हाक मारली. पहिली हाक हळू मारली, कारण मीटिंग होती. मग मोठ्याने मारली. त्या जिन्यावरून धावत खाली आल्या. गालिच्याच्या आतल्या काठाला त्या, बाहेरच्या काठाला मी. मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे धावत येण्यासाठी पाय उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "थांबा, ओला आहे." सवयीने निघाले. त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितले. त्या बघण्याचे वर्णन जबाबात येत नाही, असे ताई म्हणतात. मग त्या वळल्या आणि मागच्या दाराने बोळात पळाल्या. बोळ रिकामा होता. तशाच पुढे कालव्याच्या टोकाने रस्त्यावर आल्या. मला म्हणाल्या, "ओ बाई, मी तुमच्या भरवशावर सोडलं होतं त्यांना." आल्यापासून मी आजी होते, तेव्हा बाई झाले. त्यांचे चुकले असे माझे म्हणणे नाही.

नंतर शेजारपाजारचे निघाले. कोणी बसथांब्याकडे, कोणी बाजाराकडे. नात गाडी घेऊन मोठ्या रस्त्याला गेली, तिथे मोठमोठे ट्रक भरधाव जातात. कालव्याचे नाव कोणी काढत नव्हते, पण जो तो तिकडेच बघत होता. टोकाच्या घरातला एक माणूस लांब बांबू घेऊन कालव्याकडे गेला. बांबू कशाला, असे कोणीही त्याला विचारले नाही. मीही विचारले नाही.

त्यानंतर सूनबाईंनी ठाण्यात कळवले आणि आम्ही इकडे आलो. मागे घर उघडे नको म्हणून शेजारीण दाराशी बसली आहे. सूनबाई बाहेरच्या बाकावर आहेत. त्यांच्या हातात मास्तरांच्या गोळ्यांची डबी आहे, संध्याकाळची गोळी तिच्यात तशीच आहे. नात अजून गाडीतून फिरते आहे. ऊन गेले आहे आणि बाहेर गारठा पडला आहे. स्वेटर राखाडी होता हे मी आधी सांगितले, पण तो जाड नव्हता, तेही लिहावे.

(फोन वाजला. बसथांब्यावर एक म्हातारे गृहस्थ मिळाल्याचे कळले. जबाब देणारी उठून उभी राहिली. नंतर ते गृहस्थ दुसरे असल्याचे व बसची वाट बघत असल्याचे कळले. जबाब देणारीस पाणी दिले. पुढे चालू.)

ताईंनी विचारले की मास्तरांचे शेवटचे शब्द काय होते. मी म्हटले, "शेवटचे म्हणू नका." मग ताईंनी 'निघण्यापूर्वीचे' असे लिहिले. मी म्हटले, सांगितले ना, आत जायचे म्हणाले. ताई म्हणाल्या, "आजी, तेवढंच नाही. ते काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात, जसंच्या तसं." मी म्हटले, "अहो, थट्टा होती, ती काय लिहायची? ठाण्यात काय थट्टेची फाईल असते?" ताई म्हणाल्या, असली नसली तरी सांगा. म्हणून सांगते.

मास्तर म्हणाले, "बाई, मला आत जायचंय."

मी म्हटले, "गालिचा ओला आहे. पाऊल टाकलंत तर तंगडी मोडीन."

ते म्हणाले, "मग मी जाऊ कुठून?"

मी म्हटले, "वळसा घालून जा की. पृथ्वी गोल आहे म्हणतात."

ते म्हणाले, "बरं."

याखेरीज मला काही सांगायचे नाही.

वरील मजकूर जबाब देणारीस लिहिता वाचता येत नसल्याने मोठ्याने वाचून दाखवण्यास सुरुवात केली. वाचन चालू असताना जबाब देणारीने ते मध्येच थांबवले व सांगितले की,

ताई वाचतात चांगले. पण सगळे एका सुरात वाचतात, आगगाडीच्या वेळा सांगितल्यासारखे. वळसा घालून जा, हेही त्याच सुरात वाचले. मी म्हटले, हे कोण बोलले? ताई म्हणाल्या, तुम्हीच. मी म्हटले, मी हसत बोलले होते. आणि तेव्हा मला आठवले की माझी पाठ होती त्यांच्याकडे. माझे तोंड झालरीत होते. हसणे त्यांना दिसलेच नाही. ब्लोअरच्या आवाजात ऐकू आले ते एवढेच, पाऊल टाकू नका, वळसा घालून जा. आणि ते बरं म्हणाले.

मास्तर कुठे भटकायला गेलेले नाहीत. ते आत निघाले आहेत, मागच्या बाजूने. कालव्याकडे नाही, दुसऱ्या टोकाने. ती रांग लांब आहे आणि त्यांची चाल गोगलगायीची. सूनबाईंनी बोळ बघितला तेव्हा ते टोकाच्या घराआड, अजून बोळात शिरायचे असतील. एकदा बघितलेला बोळ पुन्हा कोणी बघितलेला नाही. ताई, वाचायचे राहू द्या. उठा.

(जबाब येथे थांबवला. सर्व जण घटनास्थळी रवाना.)

पुढील जबाब, त्याच दिवशी, दिवे लागल्यानंतर, मास्तरांच्या स्वयंपाकघरात

मी पूर्वीचीच. पुढे विचारल्यावरून सांगते की,

मी, लिहिणाऱ्या ताई आणि सूनबाई ठाण्याच्या गाडीने बोळाच्या लांबच्या टोकाला उतरलो. गाडी आत जात नव्हती. बोळात दिवा नव्हता. खाली चिखल होता. ताईंच्या हातात बॅटरी होती. दोन्ही बाजूंनी परसांच्या भिंती, आणि भिंतीत दारे, सगळी एकाच रंगाची, एकाच मापाची. मास्तरांचे सोडा, मलाही कोणाचे कुठले ते कळले नसते. सूनबाई "बाबा, बाबा" अशा हाका मारत पुढे निघाल्या. मी त्यांना म्हटले, जरा थांबा, ऐकू द्या. त्यांनी ऐकले.

टकटक ऐकू आली. जोराची नव्हती. झोपलेल्या घरात आपल्यामुळे कोणाची झोप मोडू नये म्हणून करतात तशी, आणि मध्ये बराच वेळ थांबून.

ते घर मास्तरांचे नव्हते. त्यातले बिऱ्हाड बाहेरगावी गेले आहे. परसाचे दार लोटलेले असावे, ते आत शिरले आणि मागे दाराची खिट्टी पडली. ती गंजलेली होती, ताईंनी खांदा लावून उघडली. मास्तर आतल्या दाराच्या पायरीवर बसले होते. सपाता चिखलाने भरल्या होत्या. हात थंडगार होते. ताईंनी आपली टोपी त्यांना घातली. त्यांनी माझ्याकडे बघून विचारले, "बाई, आपण कोण?" मी अंगावरची शाल काढली.

मास्तरांना आत कशासाठी जायचे होते ते सांगण्याची गरज नाही. माझी शाल त्यांच्या कमरेला गुंडाळली होती. ती थंडीसाठी, असे लिहावे. कपड्यांचे बाकी वर्णन लिहू नये.

ताईंनी त्यांना विचारले, "बाबा, एवढा वेळ इथं बसलात, मोठ्यानं हाक का नाही मारलीत? शेजारी आले असते." ते म्हणाले, "आवाज करायचा नाही. सूनबाई मीटिंगमध्ये आहे." सूनबाई तेव्हा फोनवर मास्तरांच्या मुलाला ते सापडले असे सांगत दोन पावले पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकले की नाही, मला माहीत नाही. हे लिहू नका असे मी ताईंना सांगितले. ताई म्हणाल्या, लिहावे लागते. मग निदान वाचून दाखवताना हळू वाचा, त्या बाहेरच्या खोलीतच बसल्या आहेत.

त्यांचे मागचे दार ओढले की आपोआप बंद होते. किल्ली नव्हती. म्हणून आम्ही मास्तरांना दोन्हीकडून धरून वळसा घालून पुढच्या दाराशी आणले. तोवर नातही आली होती. तिने मास्तरांना बघितले आणि जाऊन आमच्याकडे पाठ करून गाडीला टेकून उभी राहिली. ती लहानपणी रडू आले की अशीच कोणाकडे तरी पाठ करून उभी राहायची.

मास्तर फरशीपर्यंत आले आणि गालिच्याच्या काठाला थांबले. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, चला ना आत." ते म्हणाले, "ओला आहे." त्या म्हणाल्या, "वाळलाय हो, चला." ते हलेनात. त्यांना बाकी काही आठवत नव्हते. मी कोण ते नाही, परस कोणाचे ते नाही. गालिच्यावर पाय ठेवायचा नाही, एवढे मात्र पक्के बसले होते. ते थरथरत होते. न्हाणीघरातला दिवा समोर दिसत होता. मी म्हटले, "मास्तर, आता जा, माझी परवानगी आहे." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं काय खरं धरायचं, बाई?"

ते रागावून म्हणाले नाहीत. विचारायचे म्हणून विचारले.

त्यावर मी पायांतल्या चपलांसकट गालिच्यावर चढले. चपलांना बोळातला चिखल होता. गालिचा वरून वाळला होता, तळाला दमट होता. मी चालत मधोमध गेले, तिथे उभी राहिले आणि हात पुढे केला. नात दारात होती. तिने दुपारभर घासलेल्या गालिच्याकडे बघितले आणि हात लांब करून ब्लोअरचे बटण बंद केले. मास्तरांनी एक पाय ठेवला. मग माझ्या तोंडाकडे बघितले. मी हसले नाही. मग दुसरा ठेवला. सूनबाई आणि ताई बुटांसकट त्यांच्या मागे आल्या, आणि सूनबाई त्यांना न्हाणीघरात घेऊन गेल्या. दार लागले. आत पाणी सोडल्याचा आवाज आला. सूनबाई आतून त्यांच्याशी बराच वेळ बोलत होत्या, काय ते ऐकू आले नाही.

मास्तरांना संध्याकाळची गोळी दिली. डॉक्टर येऊन बघून गेले, घाबरण्यासारखे काही नाही म्हणाले. बांबूवाल्या माणसाला कोणी जाऊन सांगितले. तो येऊन दारातून मास्तरांना बघून गेला आणि बांबू घरी घेऊन गेला.

सूनबाईंनी दिलेली तक्रार पुढे चालवायची की नाही ते त्या ठरवतील. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला जर विचारले तर ठाण्यात सांगितले तेच सांगेन, कडीचे मला माहीत होते. मघाशी सूनबाई म्हणाल्या, "आजी, उद्या याल?" मला 'आजी' म्हणाल्या, हे लिहावे.

गालिच्यावर जी चिखलाची पावले उमटली आहेत ती माझी, मास्तरांची, सूनबाईंची आणि लिहिणाऱ्या ताईंची आहेत. त्याबाबत माझा कोणावर संशय नाही. उद्या नात तो गालिचा पुन्हा धुणार आहे. धुताना मास्तरांची खुर्ची आतल्या बाजूला राहील, आणि माझीही.

माझा हा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवला. या खेपेला मी मध्ये थांबवले नाही. सांगितला तसाच तो लिहिला आहे आणि खरा आहे.

समक्ष,
डाव्या हाताचा अंगठा : गालिचेवाली आजी